गाळ्यातल्या माणसाचं बापपण वाचवूया

केडीएमचे दागिने मिळतील, अशी पाटी एके काळी उपनगरातल्या सराफांकडे हमखास दिसायची. घाटकोपरला, मुलुंडला, बोरिवलीला लग्नाची खरेदी करायला निघालेल्या आयाबाया ती पाटी बघूनच दुकानात शिरत. केडीएम म्हणजे चोख, केडीएम म्हणजे मोडीत घट नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. ती तीन अक्षरं कॅडमियम या धातूच्या नावावरून आली आहेत आणि त्या धातूचा धूर दागिना घडवणाऱ्याच्या छातीत जातो, हे मात्र कुणी सांगत नसे.

दागिन्याचे सुटे भाग जोडायला डाख लागतो. हा डाख दागिन्याच्या सोन्याआधी वितळला पाहिजे, नाहीतर कडी जोडता जोडता वाटीच वितळायची. पूर्वी त्यासाठी सोन्यात तांबं नि चांदी भरपूर मिसळत. मग दागिना मोडीत घातला की कस उतरे आणि गिऱ्हाईक भांडायला येई. त्यावर तोडगा म्हणून ९२ टक्के सोनं आणि ८ टक्के कॅडमियम असा डाख आला. बावीस कॅरट म्हणजे ९१.६ टक्के, त्यामुळे कस शाबूत राहिला. पण सोनं वितळतं १०६४ अंश सेल्सिअसला आणि कॅडमियम ७६७ अंशांना उकळून त्याची वाफ होते. फुंकणीची ज्योत डाखावर पडली की त्यातलं कॅडमियम धूर होऊन उडू लागतं, आणि बारीक काम करणाऱ्या कारागिराचं नाक त्या ज्योतीपासून जेमतेम हातभर लांब असतं. आपल्या मोडीतली घट वाचली ती अशी. पुढे भारतीय मानक ब्यूरोने केडीएमवर बंदी आणली ती कारागिरांच्या आरोग्यासाठीच. आता हॉलमार्क आलाय, २०२१पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचाही झालाय. पण आपण दुकानात हॉलमार्क बघतो तो कस कळावा म्हणून. दागिना कुठल्या खोलीत, कुठल्या डाखाने जोडला, हे विचारायचं आपल्या मनातही येत नाही.

त्या खोलीतल्या माणसासाठी हा लेख लिहिते आहे. त्याच्या फुप्फुसांसाठी आणि मूत्रपिंडांसाठी तर आहेच, पण त्याहून अधिक त्याच्या शरीरातल्या ज्या गोष्टीबद्दल आपण चारचौघांत बोलत नाही, तिच्यासाठी. शिसं आणि कॅडमियम हे धातू पुरुषाच्या संप्रेरकांवर आणि शुक्राणूंवर घाव घालतात. मूल होण्याची त्याची ताकद ते हळूहळू, आवाज न करता कमी करतात. हे आपल्या अंधेरी-घाटकोपरच्या मधल्या पट्ट्यात रोज घडू शकतं, आणि ते रोखणं बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

मेट्रोने वर्सोव्याहून घाटकोपरला येताना साकीनाका आणि असल्फाच्या मध्ये खिडकीतून खाली बघा. पत्र्यांची छपरं एकमेकांना खेटून उभी आहेत. त्या गाळ्यांत धातूचं सगळं काम चालतं: कापणं, घासणं, बफिंग, प्लेटिंग, वेल्डिंग, भंगार वितळवणं. खैरानी रोडच्या आतल्या गल्ल्यांत दुपारी शिरलात तर जिभेवर गोडसर-तुरट चव येते. मरोळच्या एमआयडीसीत मोठे कारखाने आहेत, त्यांच्याच शेजारी सीप्झमध्ये निर्यातीचे दागिने घडतात. तिथे परदेशी गिऱ्हाईक तपासणीचा कागद मागतं. युरोपने तर २०११पासून दागिन्यांतल्या कॅडमियमवर कडक मर्यादा घातली आहे. पण त्याच अंधेरीत, मालाडमध्ये, घाटकोपरच्या चाळींत देशी बाजारासाठी जे काम होतं, त्याचा कागद मागणारं कुणी नाही. एका खोलीत आठ-दहा जण, एक खिडकी, तीही पावसाळ्यात बंद. तिथेच काम, तिथेच जेवण, रात्री तिथेच पथारी.

शरीरात नेमकं काय होतं ते नीट समजून घेऊया, कारण भीती घालण्यापेक्षा समजणं जास्त उपयोगाचं आहे.

पुरुषाच्या मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तो शेजारच्या पीयूषिका ग्रंथीला इशारा देतो, पीयूषिका रक्तातून दोन संप्रेरकं खाली वृषणांकडे धाडते. त्यांतल्या एका संप्रेरकामुळे वृषणातल्या लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात. दुसऱ्यामुळे सर्टोली पेशी शुक्राणूंना पोसतात. एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे सत्तर दिवस लागतात. शिसं या साखळीला एकाच नव्हे, अनेक कड्यांवर पकडतं. सुरुवातीला वृषणं मंदावतात, तेव्हा पीयूषिका जास्त जोर लावते आणि टेस्टोस्टेरॉन कसंबसं सावरून धरते. संपर्क वर्षानुवर्षं चालू राहिला की वरचा इशाराही क्षीण होतो. शिवाय शुक्राणूच्या डोक्यातला वंशाचा धागा जस्ताच्या मदतीने घट्ट गुंडाळलेला असतो. शिसं त्या जस्ताची जागा बळकावतं आणि गुंडाळी बिघडवतं.

कॅडमियमची वाट वेगळी. रक्तातलं विष वृषणात शिरू नये म्हणून तिथे एक पेशींची भिंत असते, कॅडमियम ती भिंतच सैल करतं. प्रागच्या यिरी पारिझेक यांनी १९५६ साली उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं की कॅडमियमच्या एका मात्रेने वृषणाची ऊती झडून जाते, आणि पुढच्याच वर्षी दाखवलं की जस्त दिलं तर ती वाचते. माणसाला उंदराइतकी मात्रा एकदम मिळत नाही, म्हणून दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजता येणार नाहीत. पण कॅडमियम शरीरात एकदा शिरलं की अर्धं बाहेर पडायलाच दहा ते तीस वर्षं लागतात. विशीत कामाला लागलेला मुलगा चाळिशीत पोचेपर्यंत किती साठवत असेल, ते बघा. त्यात विडी-सिगारेट असेल तर भर पडते, कारण तंबाखूचं पान जमिनीतलं कॅडमियम ओढून घेतं.

माणसांवरचे पुरावे आहेत ते मुख्यतः शिशाचे, आणि ते जुने आहेत. १९७५ साली रुमानियातल्या बॅटरी कामगारांची तपासणी प्रसिद्ध झाली. शिसं जास्त तिथे शुक्राणू कमी, मंद आणि विकृत, असं तिच्यातून दिसलं. २००२मध्ये ब्रिटन, इटली आणि बेल्जियममधल्या दहा कंपन्यांच्या ५०३ कामगारांचा अभ्यास छापून आला. रक्ताच्या एका डेसिलिटरमध्ये ५० मायक्रोग्रॅमहून अधिक शिसं असलेल्यांची शुक्राणूंची घनता जवळजवळ निम्मी निघाली. संप्रेरकांचे आकडे प्रत्येक अभ्यासात सारखे येत नाहीत, आणि कमी मात्रेच्या शिशाने काय होतं यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण गाळ्यातला माणूस कमी मात्रेतला नाही. तो त्या धुराच्या मधोमध बसलेला आहे.

आमच्या नात्यातले एक काका साकीनाक्याच्या एका गाळ्यात जुन्या बॅटऱ्या फोडायच्या कामाला होते. शिशाच्या प्लेटा काढायच्या, कढईत वितळवायच्या, लगडी ओतायच्या. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी मूल नव्हतं. त्या अकरा वर्षांत काकूंनी सोळा सोमवार केले, टिटवाळ्याच्या वाऱ्या केल्या, तीन डॉक्टर केले, दोनदा पोटातून दुर्बीण घालून घेतली. काकांना एकदाही कुणी तपासलं नाही. एका मोठ्या दवाखान्यात काकू सतत तीन वर्षं जात होत्या. तिथे त्यांना वजन विचारलं, पाळी विचारली, माहेरी कुणाला मधुमेह आहे का तेही विचारलं. नवरा काय काम करतो, हा प्रश्न आला नाही. काकांच्या पोटात सतत कळ यायची, हिरड्यांवर निळसर रेघ होती, हाताची पकड सुटायची. ही सगळी शिशाची जुनी, पुस्तकात दिलेली लक्षणं आहेत हे मला फार उशिरा कळलं. मूल न होण्याचं कारण शिसंच होतं असं मी म्हणू शकत नाही, कारण कुणी तपासलंच नाही. पुढे काकू एका लग्नात ओटी भरताना मागे सरल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तो क्षण मला आजही टोचतो.

याच मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांनी परीक्षानळीतलं बाळ जन्माला आलं. याच मराठीत र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं आणि खटले, दंड, अपमान सोसून १९५३मध्ये मरेपर्यंत चालवलं, पुरुषाच्या आणि बाईच्या शरीराबद्दल लाज न बाळगता लिहिलं. जवळजवळ शंभर वर्षांनीही आपल्याकडे मूल नाही म्हटलं की बोट बाईकडेच वळतं. पुरुषाचं वीर्य तपासायचं म्हटलं तर घरात सन्नाटा पसरतो. आणि धातूचं काम करणारा पुरुष तर स्वतःलाच दोष देत गप्प बसतो. त्याच्या थकव्याला, उतरलेल्या इच्छेला, चिडचिडीला तो वयाचं नाव देतो. या गप्प बसण्यातच तो धातू सुरक्षित राहतो.

आता कायद्याकडे येते. १९४८च्या कारखाने कायद्याने शिशाची विषबाधा हा कळवण्याजोगा रोग ठरवला होता. तो आढळला की डॉक्टरने कारखाने निरीक्षकाला कळवायचं, हे बंधनच आहे. २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही या रोगांची यादी आहे. मात्र त्याच संहितेत वीज वापरणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहावरून वीस कामगारांवर नेली आहे. खैरानी रोडच्या गाळ्यात वीस माणसं एकत्र मोजून दाखवणं कठीण आहे. धोका सगळ्यात जास्त जिथे, तिथेच निरीक्षकाचा पाय पडण्याची शक्यता कमी झाली. दुसरीकडे सामाजिक सुरक्षा संहितेने एक दार उघडं ठेवलं आहे. केंद्र सरकारने एखादं काम धोकादायक म्हणून अधिसूचित केलं, तर तिथे एकच कामगार असला तरी त्याला कामगार विम्याचं संरक्षण देता येतं. शिसं वितळवणं, बॅटऱ्या फोडणं, कॅडमियमचा डाख, प्लेटिंगचे हौद, ही कामं त्या यादीत आली पाहिजेत. उपनगरातल्या खासदारांना आपण सगळ्यांनी मिळून विचारायचा पहिला प्रश्न हाच. पत्र लिहा, भेट मागा, कार्यालयात जाऊन बसा. निवडणुकीच्या वेळी ते आपल्या सोसायटीत येतात, तेव्हा उद्वाहनाच्या आणि पार्किंगच्या प्रश्नांआधी हा प्रश्न विचारा.

कामगार विम्याची रुग्णालयं आपल्या उपनगरांत आहेत: मरोळला, कांदिवलीला, मुलुंडला. मरोळच्या रुग्णालयाला १७ डिसेंबर २०१८ला लागलेली आग आणि तिच्यात गेलेले जीव आपण विसरलो नसू. नंतर बराच काळ तिथले रुग्ण दुसरीकडे वळवावे लागले, तेव्हा औद्योगिक पट्ट्यातल्या माणसाला दवाखाना किती लांब गेला, ते तिथल्या कुटुंबांना विचारा. या तिन्ही ठिकाणी धातूच्या कामातल्या प्रत्येक विमाधारकाच्या रक्तातलं शिसं वर्षातून एकदा मोजलं जावं. शिरेतून काढलेलं थोडंसं रक्त लागतं, बाकी काही नाही. ज्याला मूल हवं आहे त्याची टेस्टोस्टेरॉन आणि वीर्याची तपासणीही तिथेच, फुकट, गुप्तता राखून व्हावी. परळला राष्ट्रीय प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्था आहे. साकीनाका तिथून फार लांब नाही. त्या संस्थेने या गाळ्यांतल्या पुरुषांचा नीट अभ्यास हाती घ्यावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे. युरोपातल्या ५०३ कामगारांचे आकडे आपण किती दिवस उसने वापरणार?

आणि हा प्रश्न गाळ्याच्या उंबऱ्यावर थांबत नाही. काम करणाऱ्याच्या केसांत, कपड्यांत, चपलेत धूळ अडकते आणि संध्याकाळी घरी येते. बाप लेकराला उचलून घेतो तेव्हा ती धूळ लेकराच्या बोटांना लागते, बोटं तोंडात जातात. १९९८-९९च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांखालच्या मुलांचं रक्त तपासलं गेलं. १०८१ मुलांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे ५ ते २० मायक्रोग्रॅम शिसं होतं. तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं होतं. २००० साली ते देशभर काढून टाकलं, आणि हवेतलं शिसं खाली आलं. हे मी मुद्दाम सांगते आहे. शिशाला हरवता येतं, आपण ते एकदा केलेलं आहे. त्यासाठी कुणाला पेट्रोल भरणं सोडावं लागलं नाही, पेट्रोल बदललं.

मग आपण काय करायचं? माझ्या शेजारणींना मी सांगते त्याच गोष्टी इथे सांगते.

घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी संपली की ती गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊ नका. दोन-तीनशे रुपये जास्त मिळतात म्हणून देतो आपण, आणि ती नेमकी माझ्या काकांसारख्या कुणाच्या तरी कढईत जाते. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानदारालाच द्या आणि पावती मागा. सोसायटीच्या बैठकीत एक ठराव करा, की लिफ्टच्या आणि जनरेटरच्या बॅटऱ्याही अशाच जातील. बोरिवली-मुलुंडच्या मोठ्या सोसायट्यांनी हे केलं तर त्याचा परिणाम साकीनाक्यात पोचेल.

इमारत रंगवायला काढाल तेव्हा भिंत कोरडी घासू देऊ नका. २०१७च्या नोव्हेंबरपासून रंगात शिसं ९० पीपीएमहून जास्त नसावं असा नियम आहे, पण आपल्या चाळीस वर्षांच्या इमारतींच्या भिंतींवर त्याआधीचे थर आहेत. पाणी मारून घासलं की धूळ उडत नाही. रंगाऱ्याला मास्क कंत्राटातच लिहून द्या, त्याच्या मर्जीवर सोडू नका. पुनर्विकासात जुनी दारं-खिडक्या उपटताना तर याची फारच गरज असते.

सराफाकडे जाल तेव्हा विचारा, डाख कॅडमियमचा नाही ना. पहिल्यांदा तो आश्चर्याने बघेल. दहाव्या बाईने विचारलं की कारागिराला विचारेल, आणि पन्नासाव्या बाईने विचारलं की लिहून देईल. आपल्या आयांनी केडीएम मागून मागून बाजारात आणलं होतं, ते आपण न मागून घालवू शकतो.

गाळा चालवणाऱ्या मालकांनाही काही सांगायचं आहे, कारण त्यातले बरेच जण स्वतः त्याच धुरात बसतात आणि त्यांनाही लेकरं आहेत. ज्योतीच्या किंवा कढईच्या अगदी वर धूर खेचणारा पंखा आणि बाहेर नेणारी नळी लावा. छताचा पंखा धूर फक्त खोलीभर पसरवतो. झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. जेवणाची जागा वेगळी करा. हात धुवायला साबण आणि घरी जायच्या आधी बदलायला कपडे, यांचा खर्च महिन्याला किती येतो ते एकदा मोजून बघा. आणि रक्तात शिसं जास्त निघालेल्या कामगाराला काढून टाकू नका, काही महिने दुसऱ्या कामावर लावा. तपासणीचं बक्षीस म्हणून नोकरी जाणार असेल तर कोण हात पुढे करील?

कामगार भावांनो, तुमच्यासाठी एक चांगली गोष्ट सांगायची राहिली. शुक्राणू दर अडीच-तीन महिन्यांनी नवे तयार होतात. धूर थांबला की रक्तातलं शिसं काही महिन्यांत उतरू लागतं, आणि पुष्कळ पुरुषांत बिघडलेलं बरंचसं सावरतं. हाडांत साठलेलं शिसं रेंगाळतं, कॅडमियम तर त्याहून चिवट, म्हणून जितकं लवकर तितकं बरं. पण उशीर झाला असं समजून घरी बसू नका. बायकोच्या बरोबर तुम्हीही जा. वीर्याची तपासणी तिच्या कुठल्याही तपासणीपेक्षा सोपी, स्वस्त आणि विनावेदना आहे. तिच्या पोटात दुर्बीण जाण्याआधी तुमची तपासणी होऊ द्या. डॉक्टरांना सांगा, मी बॅटरीचं काम करतो, मी प्लेटिंगला आहे, मी डाख लावतो. ते न विचारता सांगा.

आणि डॉक्टरांनो, तुम्ही विचारा. १७०० साली इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा वैद्यांनी रोग्याला एक प्रश्न आणखी विचारावा असा आग्रह धरला होता: तू काम काय करतोस? महापालिकेच्या आणि खासगी दवाखान्यांतल्या केसपेपरवर आजही व्यवसायाचा रकाना असतो. त्यात 'नोकरी' एवढाच शब्द लिहून पेपर पुढे सरकतो. उद्या सकाळी ओपीडीत बसाल, तेव्हा मूल होत नाही म्हणून आलेल्या बाईच्या केसपेपरवर तिच्या नवऱ्याचा एक रकाना पेनने आखून घ्या. कुठला गाळा, कुठला धातू, किती वर्षं, एवढं त्यात लिहा.